अकालप्रसूतीपूर्वीची स्टिरॉइड-चिकित्सा व तिचे बालवयातील दूरगामी परिणाम

गर्भधारणेचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी होणाऱ्या प्रसूतीस अकालप्रसूती म्हणतात. अशा प्रसूतीत जन्मास येणाऱ्या बालकापुढे पहिले संकट उभे राहते ते श्वासोच्छ्वासाचे; कारण त्याची फुप्फुसे बाहेरच्या हवेसाठी अद्याप सिद्ध झालेली नसतात. हे संकट टाळण्याचा एक साधा व अल्पखर्ची उपाय गेल्या अर्धशतकात सर्वमान्य झाला आहे. अकालप्रसूतीची चिन्हे दिसू लागताच मातेस कॉर्टिकोस्टिरॉइड वर्गातील औषधाची इंजेक्शने द्यावयाची, हा तो उपाय होय. त्याने बालकांचे प्राण वाचतात, याविषयी आता वाद उरलेला नाही. परंतु जे द्रव्य एकदोन दिवसांत फुप्फुसांना पक्वता आणू शकते, ते गर्भाच्या इतर इंद्रियांना, विशेषतः वाढत्या मेंदूला, अलिप्त ठेवील असे मानता येत नाही. मग त्या परिणामाची खूण पाचव्या, दहाव्या किंवा तिसाव्या वर्षी आढळते काय? आणि आढळत असेल तर ती कोणत्या बालकांत? या प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. प्रश्न वैद्यकातला असला तरी त्याचे उत्तर शोधण्यात संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि बालविकासशास्त्र या तिन्ही शास्त्रांना वाटा उचलावा लागला आहे, हेही पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. चिकित्सेचा उगम

अपुऱ्या दिवसांच्या बालकांत जन्मानंतर काही तासांतच श्वास जड होऊ लागतो आणि पुष्कळदा त्यातच मृत्यू ओढवतो, ही गोष्ट वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे कारण मात्र १९५९ साली मेरी एलन एव्हरी व जेरे मीड या अमेरिकन संशोधकांनी स्पष्ट केले. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांच्या आतील पृष्ठावर एका स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो. त्यास सर्फॅक्टंट म्हणतात. या थरामुळे पृष्ठताण कमी होतो आणि उच्छ्वासानंतर वायुकोश मिटून जात नाहीत. अकाली जन्मलेल्या बालकात हा थर अपुरा असतो. म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर मिटलेली फुप्फुसे नव्याने उघडावी लागतात आणि ते बालक थकून जाते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोनच दिवसांत याच विकाराने दगावला. राष्ट्राध्यक्षाच्या घरीही त्या काळी या व्याधीपुढे उपाय नव्हता.

उपाय सापडला तो वेगळ्याच प्रश्नाचा शोध घेताना. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूतीच्या वेणा कोणत्या संकेताने सुरू होतात याचा अभ्यास मेंढ्यांवर करीत होते. गर्भातील कोकराच्या शरीरात ग्लुकोकॉर्टिकॉइड सोडल्यास प्रसूती लवकर होते, असे त्यांना आढळले. परंतु त्याहून विस्मयकारक गोष्ट अशी की, इतक्या अपक्व अवस्थेत जन्मलेली कोकरे श्वास घेऊ शकू नयेत अशी अपेक्षा असताना त्यांपैकी काही काही काळ जिवंत राहिली आणि त्यांच्या फुप्फुसांत हवा शिरलेली आढळली. १९६९ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हौई यांनी मानवी मातांवर प्रयोग आरंभिला. मातांची विभागणी यदृच्छेने करण्यात आली; एका गटास बीटामेथासोन आणि दुसऱ्यास अत्यल्प प्रभावाचे तुलनाद्रव्य देण्यात आले. कोणत्या मातेस काय मिळाले हे उपचार करणाऱ्यांसही ठाऊक नव्हते.

२८२ मातांविषयीचे पहिले निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची प्रसूती आपोआप झाली त्या गटात आरंभीच्या दिवसांतील बालमृत्यू तुलनागटात शेकडा १५ होते, तर उपचारगटात शेकडा ३.२. श्वसनविकाराचे प्रमाण शेकडा २५.८ वरून ९ वर आले. हा लाभ ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या आणि जन्माच्या निदान २४ तास आधी औषध मिळालेल्या बालकांत एकवटलेला होता. प्रयोग १९७४ पर्यंत चालला आणि त्यात एकूण ११४२ माता सहभागी झाल्या. एवढा स्पष्ट पुरावा हाती असूनही पुढील दोन दशके चिकित्सेचा प्रसार मंदगतीने झाला. १९९० साली पॅट्रिशिया क्राउली व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले आणि १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने भरविलेल्या परिषदेने तिची शिफारस केली, तेव्हा कोठे ती सार्वत्रिक झाली.

२. शंकेचे शरीरशास्त्रीय कारण

प्रचलित मात्राक्रम दोन आहेत. बीटामेथासोनची १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने २४ तासांच्या अंतराने, अथवा डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने १२ तासांच्या अंतराने देतात. ही दोनच द्रव्ये का निवडली, हे समजून घेतले म्हणजे दूरगामी परिणामांविषयीची शंकाही समजते.

मातेच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक गर्भाच्या रक्तापेक्षा पुष्कळ अधिक असते. ते सगळेच्या सगळे गर्भात जाऊ नये म्हणून वारेत एक विकर पहारा करीत असते. ते कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. बीटामेथासोन व डेक्सामेथासोन यांवर या विकराचा फारसा प्रभाव पडत नाही. म्हणूनच ती वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतात आणि म्हणूनच ती उपयुक्त ठरतात. परंतु निसर्गाने जो अडसर घातला आहे तो ओलांडूनच हा उपयोग साधला जातो, हे विसरता येत नाही.

गर्भाच्या वाढीत कॉर्टिसॉलला एक ठरलेली वेळ असते. दिवस भरत येतात तसे ते गर्भाच्या शरीरात स्वाभाविकपणे वाढते आणि फुप्फुसे, यकृत, आतडी इत्यादी इंद्रियांना वाढीच्या कामाकडून पक्वतेच्या कामाकडे वळविते. औषधाने हाच संकेत आठवडे आधी दिला जातो. पेशींची संख्या वाढण्याच्या काळात पक्वतेचा संकेत मिळाल्यास वाढ थोडी खुंटावी, हे तर्काला धरून आहे; आणि प्राण्यांवरील प्रयोगांत, विशेषतः मात्रा पुनःपुन्हा दिल्यास, जन्मवजन व मेंदूचे वजन कमी भरल्याचे आढळले आहे. शिवाय मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात या संप्रेरकाचे ग्राही विपुल असतात, आणि ताणतणावांना शरीराने कसा प्रतिसाद द्यावा याचे नियमन त्या भागाकडून होते. तेव्हा शंका निराधार नव्हती. तिची परीक्षा मात्र माणसांवरील दीर्घ पाठपुराव्यानेच होणार होती.

३. एका मात्राक्रमाचा दीर्घ पाठपुरावा

सुदैवाने ऑकलंडच्या संशोधकांनी आपल्या प्रयोगातील बालकांचा मागोवा सोडला नाही. चार आणि सहा वर्षांच्या वयात त्यांची बौद्धिक व सामाजिक वाढ तपासण्यात आली. तीविषयीचे अहवाल १९८१ व १९८२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

पुढे ती बालके ३० वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी ५३४ जणांची तपासणी करण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उंची, वजन, रक्तदाब, रक्तातील स्निग्ध द्रव्ये, मधुमेह वा हृदयविकाराचे प्रमाण यांत गटागटांत भेद दिसला नाही. एक बाब मात्र नोंदण्यासारखी होती. ग्लुकोज पाजल्यानंतर ३० मिनिटांनी घेतलेल्या रक्तात उपचारगटातील व्यक्तींचे इन्शुलिन अधिक होते. याचा अर्थ इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद किंचित मंद असावा. त्याच सुमारास १९२ व्यक्तींची स्मृती, अवधान, बुद्धी व मानसिक स्वास्थ्य यांचीही परीक्षा घेण्यात आली. तीतही फरक आढळला नाही. पन्नाशीच्या वयातील पाठपुराव्याचे निष्कर्ष अलीकडे, २०२४ साली, प्रसिद्ध झाले असून हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांची जोखीम वाढल्याचे त्यात दिसले नाही. एखाद्या गर्भकालीन उपचाराची यदृच्छ प्रयोगाच्या आधारे पन्नास वर्षे तपासणी होणे, ही वैद्यकाच्या इतिहासात अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे.

इतर प्रयोगांचा पुरावाही याच दिशेचा आहे. २०२० साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत २७ प्रयोग व ११,२७२ माता यांची माहिती एकत्र केली गेली. तीनुसार नवजात बालकांचे मृत्यू सुमारे एकपंचमांशाने आणि मेंदूच्या पोकळ्यांतील रक्तस्राव सुमारे दोनपंचमांशाने घटतात. बालवयात विकास मागे पडण्याचे प्रमाणही कमीच होत असावे, असा निष्कर्ष तीत आहे. तो अवघ्या ६०० बालकांच्या माहितीवर आधारलेला असल्याने सावधपणे घ्यावा लागतो. कारण उघड आहे. गुदमरणे व मेंदूतील रक्तस्राव यांनी मेंदूची जी हानी झाली असती ती टळते. म्हणजे खऱ्याखुऱ्या अकाली जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत औषधाचा मेंदूवर काही प्रतिकूल परिणाम होत असला, तरी तो या लाभापुढे झाकला जातो.

येथे पाठपुराव्याच्या पद्धतीतील एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. उपचारगटात अशी काही अशक्त बालके जगतात की जी उपचारावाचून दगावली असती. तुलनागटात जगलेली बालके त्यामानाने अधिक सशक्त असतात. दोन्ही गटांतील वाचलेल्यांचीच तुलना केली तर ती तुलना उपचारगटाला थोडी प्रतिकूल ठरते. आणि तरीही दोन्ही गट समान निघाले तर तो निष्कर्ष आश्वासक मानावा.

४. मात्राक्रमाची पुनरावृत्ती

एका मात्राक्रमाचा प्रभाव साधारणपणे आठवडाभर टिकतो. पुष्कळ मातांच्या वेणा थांबतात, आठवडा उलटतो आणि धोका तसाच राहतो. अशा वेळी औषध पुन्हा द्यावे काय? १९९० नंतर अनेक ठिकाणी ते दर आठवड्यास देण्याची प्रथा पडली. २००० साली अमेरिकेतील दुसऱ्या परिषदेने पुराव्याअभावी तिला आळा घातला आणि त्यानंतर प्रयोगांना चालना मिळाली.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ९८२ मातांवरील प्रयोगात (२००६) पुनरावृत्तीमुळे श्वसनविकाराचे प्रमाण शेकडा ४१ वरून ३३ वर आले. दुसऱ्या वर्षी उपचारगटातील काही अधिक बालकांत अवधानाच्या तक्रारी आढळल्या. परंतु सहा ते आठ वर्षांच्या वयात केलेल्या तपासणीत दोन्ही गट समान होते. वीस देशांतील १८५८ मातांवरील दुसऱ्या प्रयोगात (२००८) दर १४ दिवसांनी औषध देण्यात आले. तेथे बालकांना लाभ तर झाला नाहीच, उलट सरासरी जन्मवजन २३३० ग्रॅमवरून २२१६ ग्रॅमवर आले आणि डोक्याचा घेरही घटला. पाचव्या वर्षी एकूण गटांत भेद दिसला नाही. मात्र जी बालके अखेर पूर्ण दिवसांनी जन्मली, त्यांच्यात मज्जासंस्था व ज्ञानेंद्रिये यांची वैगुण्ये औषध पुन्हा मिळालेल्या गटात अधिक आढळली. अमेरिकेतील तिसऱ्या प्रयोगात (२००७) दोनतीन वर्षांच्या बालकांपैकी मेंदूजन्य पक्षाघाताची सहा उदाहरणे पुनरावृत्तीच्या गटात आणि एकच उदाहरण तुलनागटात मिळाले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने सार्थ ठरला नाही. तथापि त्या सहांपैकी पाच जणांना चार किंवा अधिक मात्राक्रम मिळालेले होते. ‘सार्थ नाही’ याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा करण्याचा मोह अशा वेळी टाळला पाहिजे. विरळ घटनेविषयी लहान गटांतून निर्णय निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

५. पूर्ण दिवसांनी जन्मलेली बालके

वरील विवेचनातून प्रश्नाचे मर्म हळूहळू पुढे येते. अकालप्रसूती होणार हे भाकीत अनेकदा चुकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १६ लक्ष बालकांच्या माहितीवरील समीक्षेनुसार गर्भकाळी लवकर हे औषध मिळालेल्या बालकांपैकी सुमारे शेकडा ४० बालके पूर्ण दिवसांनी जन्मली. या बालकांना फुप्फुसांसाठी औषधाची गरज नव्हती. लाभ शून्य आणि जोखीम, जी काही असेल ती, पदरी.

या बालकांचे पुढे काय होते, यावर फिनलंडमधील अभ्यासाने (२०२०) प्रकाश टाकला. तेथील राष्ट्रीय नोंदवह्यांतून ६,७०,०९७ बालकांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी शेकडा २.२ बालकांना गर्भावस्थेत औषध मिळाले होते. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्यांत मानसिक व वर्तनविषयक विकारांचे निदान औषध मिळालेल्यांत शेकडा ८.८९, तर न मिळालेल्यांत शेकडा ६.३१ होते. अकाली जन्मलेल्यांत, इतर घटकांचा हिशेब केल्यावर, असा भेद उरला नाही.

हा यदृच्छ प्रयोग नव्हे, हे येथे विसरू नये. ज्या मातांना अकालप्रसूतीची भीती असते त्यांची गर्भावस्था मुळातच निर्वेध नसते. जंतुसंसर्ग, रक्तदाब, मधुमेह, मानसिक ताण यांपैकी काही कारणे तिथे असतात आणि तीच कारणे बालकाच्या पुढील विकारांसही जबाबदार असू शकतात. हा आक्षेप ओळखून संशोधकांनी एकाच मातेच्या दोन अपत्यांची, एकास औषध मिळालेले व दुसऱ्यास न मिळालेले, अशीही तुलना केली. पूर्ण दिवसांच्या भावंडांत फरक तसाच राहिला. त्यामुळे आनुवंशिक व कौटुंबिक घटकांचा आक्षेप बराच सौम्य होतो. परंतु त्या विशिष्ट गर्भारपणात वेणा लवकर का आल्या, हा प्रश्न मात्र भावंडांच्या तुलनेनेही सुटत नाही.

यदृच्छ प्रयोगांतून मिळालेला पुरावा संमिश्र आहे. ब्रिटनमध्ये पूर्ण दिवसांनंतर ठरवून केलेल्या सिझेरियन शस्त्रक्रियेपूर्वी ९९८ मातांवर प्रयोग झाला (२००५). श्वसनाच्या तक्रारीमुळे विशेष कक्षात दाखल करण्याचे प्रमाण त्यात निम्म्याहून कमी झाले. पुढे त्या बालकांच्या ८ ते १५ वर्षांच्या वयात वर्तनात भेद दिसला नाही, परंतु शिक्षकांनी शेवटच्या चतुर्थांशात गणलेली मुले उपचारगटात शेकडा १७.७ आणि तुलनागटात शेकडा ८.५ निघाली. याउलट ३४ ते ३६ आठवड्यांतील २८३१ मातांवरील अमेरिकन प्रयोगात (२०१६) नवजात बालकांच्या रक्तातील शर्करा घटण्याचे प्रमाण शेकडा १५ वरून २४ पर्यंत वाढले होते, आणि त्याचा मेंदूवर परिणाम होईल अशी भीती होती. तथापि सहा वर्षांनंतरच्या तपासणीत (२०२४) बौद्धिक क्षमतेत दोन्ही गट सारखेच आढळले. ब्रिटनमधील पाठपुराव्यात मूळ गटापैकी बरीच मुले हाती लागली नव्हती आणि शिक्षकांचे मत हे प्रमाणित कसोटीच्या बरोबरीचे मानता येत नाही. म्हणून दुसऱ्या निष्कर्षास अधिक वजन द्यावे लागते. पण पहिल्याकडे दुर्लक्ष करण्याचे कारण नाही.

मात्रा कमी करून धोका घटविता येईल काय, हेही फ्रान्समध्ये तपासण्यात आले. नेहमीच्या निम्म्या मात्रेवर ३२४४ मातांचा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. निम्मी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच परिणामकारक असल्याचे त्यात सिद्ध होऊ शकले नाही. सर्फॅक्टंटची गरज शेकडा १७.५ ऐवजी २० बालकांना लागली.

६. आपल्या परिस्थितीतील विचार

हा सारा प्रश्न आपल्याकडे अधिक निकडीचा होतो तो एका कारणाने: गर्भाचे वय नेमके किती, हे आपल्या ग्रामीण भागात अनेकदा ठाऊक नसते. शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही आणि सोनोग्राफी वेळेवर झालेली नसते. अशा ठिकाणी औषध सर्रास दिल्यास काय घडते, हे सहा देशांतील एका मोठ्या प्रयोगात दिसले. त्यात भारतातील बेळगाव व नागपूर ही केंद्रे होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अगदी लहान बालकांचे मृत्यू घटले नाहीत. उलट सर्व बालकांचा हिशेब घेता नवजात मृत्यू दर हजारी २३.९ वरून २७.४ झाले आणि मातांत जंतुसंसर्गाचा संशय वाढला. औषध मिळालेल्या बहुसंख्य माता पूर्ण दिवसांच्या वा त्याजवळच्या होत्या, हे याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

परंतु यावरून औषधच अहितकारक ठरवणे चुकीचे झाले असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया व नायजेरिया येथील रुग्णालयांत २८५२ मातांवर प्रयोग केला (२०२०). येथे गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केलेले होते आणि नवजात बालकांच्या शुश्रूषेची किमान सोय होती. या परिस्थितीत नवजात मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले आणि मातांत संसर्ग वाढला नाही. औषध तेच, परिस्थिती निराळी म्हणून फळही निराळे. आपल्या केंद्र शासनाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत २४ ते ३४ आठवड्यांच्या मातेस परिचारिका-प्रसाविकेनेही डेक्सामेथासोनची पहिली मात्रा देऊन तिला पुढील रुग्णालयात पाठवावे, अशी तरतूद आहे. तिचे यश गर्भवयाच्या अचूक निश्चितीवर आणि पुढील रुग्णालयातील सोयींवर अवलंबून आहे, हे या दोन प्रयोगांवरून उघड होते.

दीर्घ पाठपुराव्याची परंपरा आपल्याकडेही नाही असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारुण्यापर्यंत मागोवा घेतला. तो अभ्यास स्टिरॉइडचा नव्हता. परंतु घरे बदलणाऱ्या, गावे सोडणाऱ्या कुटुंबांशी अठरा वर्षे संबंध राखता येतो हे त्याने दाखवून दिले. त्याच रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून चालविलेल्या माता-पोषण अभ्यासाने भारतीय बालक वजनाने लहान असूनही त्याच्या अंगी मेद तुलनेने अधिक असतो, हे पुढे आणले. जेथे इन्शुलिनला प्रतिसाद मंद होण्याची प्रवृत्ती आधीच बळावलेली आहे, तेथे ऑकलंडमध्ये आढळलेल्या किंचित फरकाचे रूप काय होते, हा प्रश्न आपल्या संशोधकांनी आपल्याच बालकांत तपासण्याजोगा आहे.

७. उपसंहार

आतापर्यंतच्या पुराव्याचा मथितार्थ असा सांगता येईल. अकालप्रसूती खरोखरच काही दिवसांत होणार असेल, गर्भ ३४ आठवड्यांहून लहान असेल आणि औषध एकदाच दिले असेल, तर लाभ मोठा व निश्चित आहे; पन्नास वर्षांच्या पाठपुराव्यात त्यास बाधक असे काही निघालेले नाही. मात्राक्रम वारंवार दिल्यास वाढ काहीशी खुंटते आणि मेंदूविषयीची शंका पूर्णपणे दूर होत नाही. प्रसूती पुढे ढकलली जाऊन बालक पूर्ण दिवसांनी जन्मल्यास लाभ राहत नाही आणि मानसिक विकासाविषयी काही प्रतिकूल संकेत मिळतात. ते सिद्ध झालेले नाहीत, पण उपेक्षणीयही नाहीत.

म्हणून यापुढील संशोधनाचा रोख ‘औषध द्यावे की नाही’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या मातेची प्रसूती आठवड्याच्या आत होणार हे कसे ओळखावे’ या प्रश्नाकडे वळणे इष्ट आहे. वेणा घेऊन आलेल्या मातेसमोर उभ्या असलेल्या वैद्यास दोन चुका संभवतात. औषध न दिल्याने होणारी चूक दोन दिवसांत दिसते. अकारण दिल्याने होणारी चूक, झालीच तर, शाळेत जाणाऱ्या मुलात दिसेल आणि तोवर तिचे कारण कोणाच्या स्मरणातही उरणार नाही. पहिली चूक भयंकर आहे म्हणून ती टाळण्यास अग्रक्रम देणे योग्यच. पण दुसरीची गणना व्हावयाची तर प्रसूतिगृहातील नोंद आणि शाळेतील मूल यांच्यामधला दुवा तुटता कामा नये. तो दुवा जपणे हे केवळ वैद्यांचे काम नाही. नोंदी राखणाऱ्या, मोजमाप करणाऱ्या आणि मुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या सर्वांचेच ते काम आहे.